सड्यावर ९६ सरकारी घरं येतायत. ग्रामसभेत नेमकं काय मागू?

अंगणवाडीताई (६ जुलै)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव देवगड तालुक्यात. खाडीकडून चढण चढून आलं की वाड्या लागतात आणि वाड्यांच्या डोक्यावर सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं सपाट पठार. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या सड्यावरच्या सरकारी जमिनीत कमी उत्पन्नवाल्यांसाठी ९६ घरांची योजना प्रस्तावित आहे. चार इमारती, तळमजला आणि वर तीन मजले, एकेक घर ३० चौरस मीटरचं. नकाशा ग्रामपंचायतीत भिंतीवर लावलाय. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय येणार आणि आतापासूनच गावात दोन तट पडलेत. दुकानावर, तिठ्यावर, बायकांच्या बचत गटात, सगळीकडे तोच विषय.

मी १९ वर्षं अंगणवाडी सेविका आहे. माझ्या पटावर सध्या ३१ मुलं आहेत, त्यातली १२ भाड्याच्या खोल्यांत राहणारी. आई कोळंबी सोलायला जाते, बाप होडीवर खलाशी किंवा बागेत राखणीला. गृहभेटीला जाते म्हणून मला त्यांची घरं आतून माहीत आहेत. एक कुटुंब एका बागायतदाराच्या आंब्याच्या खोलीत राहतं. मार्च लागला की अढी घालायला ती खोली रिकामी करून द्यावी लागते. मग तीन महिने हे चौघं बागेत ताडपत्री बांधून राहतात आणि मृगाच्या आधी परत खोलीत येतात. त्यांच्या धाकटीचं वजन मी दर महिन्याला करते. गेली दोन वर्षं एप्रिल-मे मध्ये तिचं वजन उतरलंय आणि जुलैपासून पुन्हा चढलंय. माझ्या वहीत ते आकडे आहेत. म्हणून ‘घरं नकोत’ असं माझ्या तोंडून येणारच नाही.

आता दुसरी बाजू. पाणी तपासायचं किट घेऊन गावात ज्या पाच बायकांना शिकवलं, त्यात मी एक. आमच्या वाडीची विहीर देवळाकडे, सड्याच्या बरोबर पायथ्याशी. मे अखेरीला तिच्यात पुरुषभर पाणी राहतं आणि तेवढ्यावर ४० घरं निभावतात. आजवर तिची बाटली एकदाही काळी झालेली नाही. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाणी भरून ठेवलेली छोटी बाटली एक-दोन दिवसांत काळी पडली, तर पाण्यात मैल्याचे जंतू आहेत असं समजायचं.) पण सड्याच्या दुसऱ्या टोकाला सहा वर्षांपूर्वी सुट्टीत येणाऱ्यांसाठी १४ बंगले झाले. त्यांच्या खालची विहीर तेव्हापासून भर उन्हाळ्यातही काळी येते. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, आठ दिवस बरी असते, परत तेच. त्या वर्षी पाण्याला धोका कमी म्हणून गावाला मिळालेलं हिरवं कार्ड जाऊन मध्यम धोक्याचं पिवळं आलं.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे. त्या बंगल्यांच्या वेळी गावातलं कोणी बोललं नाही. आज जे ‘सडा वाचवा’ म्हणतात, त्यातल्या काहींनीच बंगल्यांसाठी जागा विकली होती. गरिबांची घरं येणार म्हटल्यावर सडा आठवला. मी ग्रामसभेत उभी राहून ‘पाणी’ म्हटलं, तर तेच लोक टाळ्या वाजवणार आणि माझा शब्द स्वतःच्या कामाला लावणार. पण नकाशात चारही इमारतींच्या मागे ‘शोषखड्डा’ लिहिलंय आणि मधोमध ‘बोअरवेल’. हे बघून गप्प कशी बसू?

मला घरंही हवीत आणि विहीरही हवी. नेमकं काय मागितलं तर दोन्ही साधेल? जाणकारांनी सांगा.

---

मुलुंडचा चाकरमानी (६ जुलै)

ताई, मी बहुतेक तुमच्याच गावचा. तसं नसेल तर शेजारचा नक्की. मी विरोधात आहे आणि का ते स्पष्ट सांगतो.

दसऱ्याला तरंगं (ग्रामदेवतेच्या सजवलेल्या काठ्या) सड्यावरच्या पायवाटेनेच जातात. माझ्या आज्याने ती वाट चालली, वडिलांनी चालली, मीही लहानपणापासून चालतोय. नकाशात त्या वाटेचा मागमूस नाही. दुसरं, ही घरं सोडतीने जाणार. म्हाडाच्या सोडतीत महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा दाखला असला की अर्ज करता येतो, गावच्या माणसाला वेगळा मान नाही. उद्या ९६ पैकी गावातल्या किती जणांना घर लागेल? पाच वर्षं विकायची नाहीत असा नियम असतो, पण सहाव्या वर्षी समुद्राजवळचं स्वस्त घर म्हणून ती कोण घेणार हे आजच दिसतंय. म्हणजे गरिबाच्या नावाने बांधून शेवटी तेही सुट्टीतलंच घर होणार.

आणि सडा म्हणजे ओसाड माळ नव्हे. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तीही अशीच गवताखाली पडून होती. आमच्या सड्यावर तसं काही आहे की नाही हे गवत कापून कोणी बघितलंय का? बुलडोझर फिरल्यावर बघायला काय उरणार?

बाहेरून चारशे माणसं आली तर हजाराच्या गावाचं काय होणार, याचाही विचार व्हावा. बंगल्यांच्या वेळी आम्ही बोललो नाही ही चूकच झाली. पण एक चूक झाली म्हणून दुसरीही गप्प बसून करायची का?

---

भाड्याची खोली (७ जुलै)

मी तालुक्याच्या ठिकाणी कंत्राटी नर्स आहे. मूळची चंदगडची. चार वर्षं ताईंच्याच गावात भाड्याने राहते, अंगणवाडी कुठली ते वाचताच कळलं.

चाकरमानी दादा, तुम्ही ज्यांना ‘बाहेरून चारशे माणसं’ म्हणालात, त्यातली बरीचशी आधीच गावात आहेत. फक्त दिसत नाहीत, कारण कोणाच्या मागीलदारी, कोणाच्या मांगरात, कोणाच्या गोठ्यावरच्या माळ्यावर राहतात. मी एका खोलीचे ४ हजार देते. न्हाणीघर बाहेर, तीन भाडेकरूंत एक. चतुर्थीला मालकाची माणसं मुंबईहून येतात तेव्हा दहा-बारा दिवस खोली सोडावी लागते. पहिल्या वर्षी त्या दिवसांत माझ्या लागोपाठ रात्रपाळ्या होत्या. सामान मैत्रिणीकडे ठेवलं आणि दिवसा रुग्णालयातल्या विश्रांतीच्या खोलीत झोपले. मालक वाईट नाहीत, भाडंही वाढवलेलं नाही. पण घर त्यांचं आहे आणि सण त्यांचा आहे.

तुमच्या वाडीत अकरा महिने कुलूप असलेली घरं मी येता-जाता बघते. एका घरासाठी विचारलंही होतं. ‘आत देव आहेत, भाड्याने देत नाही’ असं उत्तर आलं. त्यांची भावना मी समजू शकते. पण मग आम्ही राहायचं कुठे?

माझं नाव मतदार यादीत चंदगडला आहे, त्यामुळे ग्रामसभेत मला मत नाही. आमच्या मागच्या खोलीतल्या खलाशांनाही नाही. ज्यांच्यासाठी घरं येतायत, त्यांच्यातलं कोणी त्या सभेत हात वर करू शकत नाही. ताई, तुम्ही उभ्या राहाल तेव्हा एवढं तरी सांगा.

एक प्रश्न: नवरा टेम्पो चालवतो. आमचं दोघांचं मिळून वर्षाचं सव्वाचार लाख होतं. आम्ही बसतो का?

---

सड्यावयलो (७ जुलै)

बाय, तू इचारलंस ता बरा केलंस. माझी चार गुरा पावसात सड्यारच चरतत. दुसरा रान खय रवला हा? सगळीकडे कलमा नि तारेची कुंपणा. घरा नको असा मी म्हणणंय नाय. माझो झील कुडाळाक भाड्यान रवता, अर्धो पगार भाड्यात जाता. पण नकाशो काढणारो माणूस मे महिन्यात इलो, तेव्हा सगळा सुका. त्याका म्हणा आषाढात ये. घोट्याभर पाण्यातसून चलाक लागता. नि ता पाणी वाहान जायत नाय, मधल्या बिळात जाता. थय घर बांधूचा म्हणजे काय, ता त्याका कळाक होया.

---

निवृत्त भूजलवाला (८ जुलै)

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. माझी सगळी नोकरी कोकणातल्या विहिरी मोजण्यात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सड्याच्या वरचा कातळ दिसायला सलग असला तरी जांभा आतून पोखरलेला असतो. भेगा, नळ्या, पोकळ्या. त्याच्याखाली शेडी, म्हणजे ती चिकट पांढरट-गुलाबी माती, आणि तिच्याखाली काळा दगड. पावसाचं पाणी जांभ्यातून झपाट्याने खाली जातं, शेडीवर अडतं आणि आडवं सरकत उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. जुन्या लोकांनी विहिरी नेमक्या त्याच रेषेवर काढल्या. तुमची देवळाकडची विहीर तशीच असणार. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मे महिन्यात टँकर का लागतो, त्याचंही कारण हेच. जांभा पाणी लवकर घेतो आणि लवकर सोडतो.

शोषखड्ड्याचं दुखणं इथेच आहे. मातीच्या जमिनीत मैलापाणी हळूहळू झिरपतं आणि वाटेत बऱ्यापैकी गाळलं जातं. जांभ्यात ते भेग मिळाली की धावतं. विहिरीपासून पंधरा मीटर लांब खड्डा घेतला की झालं, हा हिशेब इथे चालत नाही. बंगल्यांखालची विहीर तुम्हाला तेच सांगतेय.

आकडा सोबत ठेवा. ९६ घरं, घरटी साडेचार माणसं धरली तर ४३२ जण. माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला ५८ हजार लिटर पाणी लागेल, आणि त्याचं साधारण ८० टक्के, जवळजवळ ४६ हजार लिटर, सांडपाणी म्हणून रोज बाहेर पडेल. ते चार शोषखड्ड्यांत सोडणं म्हणजे तुमच्या विहिरीच्या डोक्यावर सोडणं. इथे सांडपाणी प्रक्रिया केंद्रच हवं. आणि नुसतं ‘केंद्र बांधू’ एवढ्यावर समाधान मानू नका. त्याचं वीजबिल कोण भरणार, ते चालवणार कोण, पाचव्या वर्षी पंप जळला तर कोणाच्या खिशातून, हे ठरावातच लिहून घ्या. केंद्र बांधलं, पण वीज परवडत नाही म्हणून बंद पडलं, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. प्रक्रिया केलेलं पाणी संडासाच्या टाकीला आणि झाडांना फिरवायचं.

बोअर मारायचीच तर केसिंग, म्हणजे बोअरच्या भोकात बसवतात तो पाइप, शेडीच्या खालपर्यंत गेलं पाहिजे. नाहीतर शेडीवर अडलेलं पाणी बोअरच्या भोकातून खाली निसटतं आणि विहीर वर्षा-दोन वर्षांत उणी होते. उलट इमारतींची छपरं तुमच्या उपयोगाची आहेत. चार छपरं मिळून सुमारे ९६० चौरस मीटर होतील. अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला तर २४ लाख लिटर पाणी, तेही स्वच्छ. ते गटाराला न लावता गाळून जमिनीत उतरवा म्हणावं. सड्याच्या कडेच्या इमारतीला मागे सरकवायलाही सांगा. भिजलेली शेडी घसरते, तिच्या तोंडावर चार मजले नकोत.

पर्यावरण मंजुरीच्या वेळी बघू, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटर बांधकामापासून ती मंजुरी लागते. तुमची योजना चार हजारांच्या आतबाहेर असेल. म्हणजे पाण्याचा प्रश्न विचारणारं टेबल तुमच्या ग्रामसभेशिवाय दुसरं समोर येणार नाही. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथे ठराव करून इतिवृत्तात शब्दन् शब्द लिहून घ्या, आणि जमिनीचा सात-बारा आधी काढा. गुरचरण आहे, आकारीपड (सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली) आहे की नुसतीच सरकारी पड, यावर पुढचं बरंच ठरतं. गुरचरण असेल तर गुरांना दुसरी जागा कुठली हे विचारणं सड्यावयलो यांचा हक्क आहे.

सिस्टर, तुमच्या प्रश्नाबद्दल: पंतप्रधान आवास योजनेतलं घर असेल तर दुर्बल गटाची मर्यादा वर्षाला ३ लाख आहे, त्यात तुम्ही बसत नाही. म्हाडाच्या नेहमीच्या सोडतीत मोठ्या शहरांच्या भागांबाहेर हीच मर्यादा साडेचार लाख आहे, त्यात बसता. म्हणून योजना नेमकी कशातली आहे, हा पहिला प्रश्न लेखी विचारायला हवा.

आणि ते ‘बीळ’ काय आहे? कोणी बघितलंय?

---

मुलुंडचा चाकरमानी (८ जुलै)

मी बघितलंय. तरंगांच्या वाटेपासून वीस-पंचवीस पावलांवर खळगा आहे, त्याच्या तळाशी भोक. पावसात पाणी गरगर फिरत आत जातं. लहानपणी आम्ही त्यात भाताचं तूस टाकायचो आणि धावत खाली देवळाकडे यायचो. कधी दुपारपर्यंत, कधी संध्याकाळी तूस विहिरीच्या झऱ्यातून तरंगत यायचं. आमच्यासाठी तो खेळ होता. आज ताईंनी नकाशाचा फोटो मला पाठवला. तीन नंबरची इमारत आणि तिचा शोषखड्डा त्या खळग्यावरच आहे.

सिस्टर, कुलपाचं तुम्ही लिहिलंत ते रात्री घरी वाचून दाखवलं. आमचं घरही त्यातलंच आहे. चार भावांचं सामाईक, त्यामुळे एकट्याच्या शब्दावर काही होत नाही, पण चतुर्थीला चौघं एकत्र येऊ तेव्हा विषय काढतो. सड्यावरच्या जागेला माझा विरोध अजून आहे. फाट्याजवळ रस्त्याला लागून जागा मिळत असेल तर माझी हरकत नाही.

---

निवृत्त भूजलवाला (८ जुलै)

तूस टाकून तुम्ही जे केलंत, तीच चाचणी आम्ही नोकरीत करायचो. तूस वरवर तरंगतं म्हणून मीठ वापरायचो. ताई, तुमच्या किटमध्ये क्लोराइडची, म्हणजे पाण्यातला मिठाचा अंश मोजायची, बाटली असेल. ग्रामपंचायतीला लेखी कळवून, आधी विहिरीचं पाणी तपासून, जोराचा पाऊस थांबल्यावर खळग्यात एक गोण मीठ विरघळवून सोडा आणि खाली दर अर्ध्या तासाने तपासा. साधं मीठ आहे, एवढ्या पाण्यात कोणाला अपाय होत नाही. पण वाडीला आदल्या दिवशी सांगा, न सांगता करू नका. वेळ आणि तपासताना बाटलीतले किती थेंब लागले ते वहीत लिहा.

---

अंगणवाडीताई (२१ जुलै)

उशिरा लिहितेय, मध्ये पाऊस थांबतच नव्हता.

शनिवारी केलं. सरपंचांना पत्र दिलं, ग्रामसेवक स्वतः आले. सड्यावयल्या काकांनी ५० किलोची गोण खांद्यावरून वर नेली, कोणाला हात लावू दिला नाही. सात वाजता मीठ सोडलं. मी देवळाकडे किट घेऊन बसले आणि सिस्टर रात्रपाळी संपवून तशाच आल्या, घरी गेल्या नाहीत. सकाळी पाण्यात क्लोराइड ४० होतं. साडेदहापर्यंत तेवढंच. अकराला ५०, साडेअकराला ७०, बाराला ९०. मग चारपर्यंत हळूहळू उतरलं. खळग्यातून विहिरीत यायला चार तास. म्हणजे तीन नंबरच्या शोषखड्ड्यात सकाळी गेलेलं दुपारच्या जेवणाच्या पाण्यात.

विहिरीवर पाणी भरायला आलेल्या बायकांनी हे डोळ्यांनी बघितलं. त्यात घरं हवीत म्हणणाऱ्या होत्या आणि नकोत म्हणणाऱ्याही. एकीने विचारलं, मग बंगल्यांचं काय? मी म्हटलं, तोही ठराव त्याच दिवशी करू. त्यांचं सांडपाणी तपासल्याशिवाय गरिबाच्या घरावर बोट ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. यावर दोघी-तिघी उठून गेल्या. जाऊ देत.

सात-बारा काढला. गुरचरण नाही, सरकारी पड आहे. योजना कशातली याचं लेखी उत्तर अजून आलेलं नाही.

ठरावाचा मसुदा सिस्टर आणि मी मिळून लिहिला. घरांना आमची संमती. तीन नंबरची इमारत तिथून हलवावी आणि खळग्याभोवती दगडांचा गडगा घालून जागा मोकळी ठेवावी. तरंगांची वाट नकाशात दाखवावी. शोषखड्डे रद्द, प्रक्रिया केंद्र आणि त्याच्या खर्चाची लेखी जबाबदारी. केसिंगचं आणि छपरांच्या पाण्याचं भूजलवाल्या काकांनी सांगितलं तसंच घातलं. बांधायच्या आधी गवत कापून सडा एकदा नीट बघावा, हेही आहे.

एक गोष्ट मी माझ्याकडून वाढवली. पंतप्रधान आवासमध्ये कुटुंबातल्या कोणाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं अशी अट आहे. माझ्या दिराचं नाव घरपत्रकावर आणखी अकरा जणांबरोबर लागलंय. वाट्याला एक पडवी, त्यात पाच माणसं. आमच्याकडे वाडी-वाडीत असे लोक आहेत. सामाईक घरातल्या अशा नावांचं काय करणार, हे फॉर्म निघायच्या आधी सांगा, असं लिहिलंय. नाहीतर चाकरमानी दादा म्हणतात तसं होईल आणि गावचा माणूस सोडतीला पोचणारच नाही.

महिला सभा १३ ऑगस्टला दुपारी तीन वाजता शाळेत. सिस्टर, तुम्हाला ठरावाला हात वर करता येणार नाही, ते मी सभेत सांगणारच आहे. पण त्या दिवशीची नोंदवही तुमच्या अक्षरातली आहे आणि माझ्यापेक्षा तुम्हालाच ती नीट वाचता येते. ती घेऊन या. पाळी असेल तर बदलून घ्या.